बारदान

ओल्या चादरीवर मुंग्या.

साबणाची वडी. तिच्यावर चार दातांचे ठसे.

कपाटाच्या दोन मुठींना गच्च बांधलेली माझी जुनी ओढणी.

मी शोधत राहिले, ती केळ्याची साल.

चौपन्न.

"पोतं काय जेवतं का?"

हे सगळं एकाच घरातलं. सात रविवारांतलं.

नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्याचासुद्धा. गोदामात माल पोत्यासकट तोलतात आणि रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा करतात. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. लग्नानंतर मी शिकलेला पहिला शब्द हाच.

आमची मुलगी दोन वर्षांची. सासूबाईंनी तिचं नाव बोका ठेवलं होतं. भांडं वाजलं की हजर. भात संपवायची, दूध संपवायची आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरायची. वाटी मागे घेतली तर जमिनीवर लोळण.

"भस्म्या झालाय कार्टीला," सासूबाई म्हणायच्या. "पाठचं येतंय ना, म्हणून हा हावरटपणा. कळतं त्यांना."

पाठचं येत होतं. मला चौथा महिना होता.

"रोज भांडण्यापेक्षा वजन करू," नवरा म्हणाला. दुकानातून त्यानं एक काटा घरी आणला. बोका काट्यावर ठरेना. मग तो मला म्हणाला, "आधी तू एकटी उभी राहा. आता हिला घेऊन. चौपन्न वजा. अकरा किलो दोनशे. झालं!"

"म्हणजे मी पोतं?"

"बारदान, बाईसाहेब. हलू नका."

आम्ही तिघंही हसलो. बोका माझ्या खांद्याला चावत होती.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा आधी एकटी उभी राहायला गेले. "कशाला? बारदान एकदाच तोलायचं असतं," तो म्हणाला. "पोतं काय जेवतं का?"

अकरा तीनशे. त्यानं कॅलेंडरवर लिहिलं.

ती पाणी प्यायची. पेला संपला की दुसरा, तो संपला की बादलीत तोंड. अंथरूण ओलं, सकाळची झोप झाली की पुन्हा ओलं. चादरी वाळत घालायला दोरी पुरेना. धुवायच्या ढिगाला मुंग्या लागायच्या.

"सांडते कुठेतरी गोडधोड," सासूबाई म्हणाल्या. "तूच देत असशील लपवून."

"मी नाही देत, आई."

"मग मुंग्यांना काय पत्र गेलं?"

चौथ्या आठवड्यात दवाखान्यात नेलं.

"वजन?" सिस्टरनं विचारलं.

"अकरा पाचशे. घरी केलं रविवारी. तीन आठवड्यांपूर्वी अकरा दोनशे होतं," नवरा म्हणाला. "तुमचा काटा माझ्याकडेच आहे ना."

"हो की! कधी देताय?"

"दोन दिवसांत आणून देतो."

सिस्टरनं अकरा पाचशे लिहिलं. काटेवाल्याच्या आकड्यावर कोण शंका घेणार? डॉक्टरांनी ते वाचलं. वजन वाढतंय, म्हणजे काळजीचं कारण नाही, ते म्हणाले. भावंड येणार असलं की मुलं असं करतात. जेवणाच्या वेळा पाळा, मधलं खाणं बंद. रडली तर रडू द्या.

मधलं खाणं बंद केलं. कपाटाला ओढणी बांधली. ती ओढणीच्या गाठीशी बसायची, दातांनी सोडवायला बघायची. एकदा माझ्या ताटातल्या पावाला तिनं हात घातला आणि मी फटका मारला. जोरात. हातावर. ती रडली नाही, हात मागे घेऊन ताटाकडे बघत राहिली. त्याच दुपारी तिनं साबण खाल्ला.

तिचे झगे सैल वाटायचे. मी म्हटलं तसं एकदा.

"धुऊन धुऊन ताणलेत," सासूबाई म्हणाल्या.

मी कॅलेंडर पाहिलं. अकरा सहाशे.

सहाव्या रविवारी ती काट्यावर अजिबात हलली नाही. माझ्या खांद्यावर मान टाकून पडून राहिली.

"शहाणी झाली गं माझी बोका," सासूबाई म्हणाल्या.

सातव्या रविवारी अकरा आठशे. नवरा म्हणाला, "बघ, बंदी घालूनही वाढतेय." दुपारी उठवलं तर उठेना. श्वास जोरजोरात चाललेला, आणि तोंडाला वास, केळं पिकून काळं पडल्यावर येतो तसा. मला वाटलं, हिनं चोरून केळं खाल्लं. तिच्या तोंडात बोट घालून मी पाहिलं. मग उशीखाली, पलंगाखाली, कपाटामागे साल शोधली. साल सापडली असती तर मी तिला मारलं असतं.

घरात केळी नव्हतीच. हे आठवलं तेव्हा मी ओरडले.

मोठ्या रुग्णालयात आधी तिचं रक्त घेतलं, मग तिला उघडी करून काट्यावर ठेवलं. नऊ दोनशे.

"काटा चुकलाय," नवरा म्हणाला.

"नवीन आहे," तिथली सिस्टर म्हणाली.

त्यानं खाली वाकून काटा सपाट आहे का पाहिलं. तिला उचलल्यावर खिशातलं एक किलोचं वजन त्यावर ठेवलं. एक किलो. उचललं, पुन्हा ठेवलं. एक किलो. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे.

"उभी राहा," तो म्हणाला.

मी उभी राहिले. छप्पन्न सहाशे.

त्याचे ओठ हलले. तो वजाबाकी करत होता. मग तो तिथेच, फरशीवर, काट्याला टेकून बसला. सिस्टर म्हणाली, "अहो, बाजूला व्हा, सलाइन लावायचंय."

रक्तात साखर इतकी होती की डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला लावली. पोटात गेलेलं अन्न तिच्या अंगी लागतच नव्हतं, ते म्हणाले. ती खरंच उपाशी होती. आता जन्मभर रोज इंजेक्शन. "वजन इतकं उतरेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी थोडं दूध द्यायला सांगितलं होतं. मी वाटी पुढे केली.

"भूक लागली ना गं?"

तिनं वाटीकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. आणि मान हलवली: नाही.

दवाखान्याचा काटा पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशीच दुरुस्त झाला होता. तेव्हापासून तो दुकानाच्या फळीवरच पडून होता.