टेबलावरच्या बाजाराची लाज

मी एक जुना बाजार आहे, मित्रांनो. पण मला ओलांडायला तुम्हाला पायपीट करावी लागणार नाही, कारण मी एका टेबलावर मावतो. नगरपालिकेच्या दगडी इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात माझी सारी उमर गेली. तिथल्या खिडकीतून खाली जो खराखुरा बाजार दिसतो, त्याची मी लाकडी प्रतिकृती. घड्याळाचा मनोरा, चौक, दुकानांच्या रांगा, त्यांच्यापुढच्या दगडी कमानी आणि त्या कमानींखालून थेट पुलापर्यंत जाणारी सावलीची वाट, हे सगळे माझ्या अंगावर आहे. माणसे तेवढी नाहीत. ती करायची राहूनच गेली.

मला एका खेळणी बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने घडवले. तो टेप घेऊन दारोदार मापे काढत फिरला, तेव्हा एका चांभाराने त्याला हटकले होते, "माझी पायरी कशाला मोजताय? कर बसवणार की काय तिच्यावर?" कारागीर म्हणाला, "नाही हो, तुमची पायरी अमर करतोय." चांभार म्हणाला, "मग जरा थांबा, झाडून घेतो." ही गोष्ट सांगताना कारागीर पोट धरून हसायचा. ती झाडलेली पायरी अजून माझ्या अंगावर आहे, नखाएवढी.

मला बनवण्यामागे कारण होते. जुन्या बाजारात पाडापाडी सुरू झाली होती. कुणाला तिथे बँक काढायची होती, कुणाला हॉटेल. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातली गत होऊ नये म्हणून नगरपालिकेने एक समिती नेमली. जुन्या बाजारात नवे दुकान उभारायचे असेल, तर आधी त्याचा छोटा पुठ्ठ्याचा नमुना आणायचा. माझ्यातले तेवढे घर उचलून त्या जागी तो बसवायचा. समितीने बघायचे. शेजाऱ्यांत मिसळला तर मंजुरी, नाहीतर नमस्कार.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. एकदा एका हॉटेलवाल्याने सगळी काचेचीच इमारत आणली. समितीतले इतिहासाचे सर चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. पण हे आरशाचं कपाट चौकात कशाला ठेवायचं?" एकदा एकाची पाटी इमारतीपेक्षा मोठी निघाली. सर हसायचे, इंजिनिअर साहेब मापे बघायचे आणि शेवटी सगळ्यांच्या माना अध्यक्षबाईंकडे वळायच्या.

या बाईंबद्दल मला सांगायचे आहे. त्या स्वतः घरे आखणाऱ्या, नावाजलेल्या. शब्दाच्या पक्क्या. बैठकीआधी त्या लवकर येत, मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झाडत आणि झाडता झाडता गुणगुणत. कुणाची भीड नाही, कुणाची भीती नाही, असे लोक त्यांच्याबद्दल म्हणत. मलाही तसेच वाटे.

मग कोपऱ्यावरचा जुना छापखाना पडला. छप्पर कुजले होते, एका वादळात खाली आले. माझ्यावरचा तो तुकडाही उचलला गेला आणि दात पडलेल्या तोंडासारखी माझी कळा झाली. ती जागा एका कापडवाल्याने घेतली. त्याला तीन मजली दुकान बांधायचे होते, आणि आराखड्याचे काम त्याने ज्या तरुणाला दिले, तो अध्यक्षबाईंचा मुलगा होता.

बाजाराला जीभ असते, मित्रांनो. "आई मंजुरी देणार, लेक इमारत बांधणार. घरचंच लग्न, हवं तेवढं वाढा," असे कुणीतरी जिन्यात बोलले. बाई तेव्हा खालून वर येत होत्या. त्या दिवशी त्यांनी ब्रश हातात घेतला, पण गुणगुणल्या नाहीत.

बैठकीच्या दुपारी इंजिनिअर साहेब हळूच म्हणाले, "बाई, आजच्यापुरतं तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. नियमच आहे तसा."

"का? मी आई आहे म्हणून माझे डोळे गेले का?" बाई म्हणाल्या. "मी बसणार. आणि कुणाला बोट दाखवायला जागा ठेवणार नाही."

मुलाने आपला नमुना माझ्या रिकाम्या कोपऱ्यात बसवला. साधी विटांची इमारत, शेजारच्यांच्याच उंचीची. नक्षी नाही, कमानी नाहीत. पण खाली सरळ खांब होते आणि सावलीची वाट त्यांच्यामधून अगदी सहज पुढे जात होती. वळणावर एक दगडी बाकही होते. मला काय वाटले सांगू? खूप दिवस कोंडलेला श्वास सुटावा, तसे वाटले.

"वरून नका बघू," मुलगा म्हणाला. "एकदा खाली बसून बघा. रस्त्यावरचा माणूस कुठे आकाशातून बघतो?"

इतिहासाचे सर गुडघे कडकडवत खाली बसले. त्यांनी एक डोळा मिटून वाटेतून आरपार पाहिले. "अरे वा! पूल दिसतो की! बसलो खरा, आता उठवणार कोण मला?" सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. त्या वाकल्याही नाहीत. त्यांनी फक्त एक बोट पुढे केले आणि त्या खांबांमधल्या वाटेत घातले. ते बोट माझ्या जुन्या कमानींखालून निघून नव्या खांबांखाली गेले. कुठेही अडले नाही. क्षणभर ते तिथेच थांबले. मग बाईंनी ते चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"कमानी कुठायत?" त्यांनी विचारले.

"कमानी नाहीत. पण कमानी ज्यासाठी होत्या, ते आहे. सावली आहे, वाट आहे."

"आम्ही कविता ऐकायला नाही बसलो. तुम्ही जुन्या बाजारात विटांचा ठोकळा आणून ठेवलाय."

घरी ज्याला 'बाळा' म्हणायचे, त्याला त्या 'तुम्ही' म्हणाल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चालले असते. पण जिन्यातले बोलणे त्यांच्या कानांत अजून वाजत असावे. त्या म्हणाल्या, "हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं काम आहे. नापास होणाऱ्या."

सर अजून खालीच बसलेले होते, त्यांनी मान खाली घातली. कापडवाला छताकडे बघू लागला. मुलाचे कान लाल झाले. त्याने आपला नमुना अलगद उचलला, खोक्यात ठेवला आणि दार हळू ओढून घेऊन गेला. आपटले असते तर बरे झाले असते.

कापडवाल्याने मग दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीला काम दिले. त्यांचा नमुना आला तो नवरीसारखा नटून. कमानीवर कमानी, वर कळस, महिरपी, कोरीव कठडे. फक्त खालच्या कमानींच्या आत वाट नव्हती. तिथे काचेची शोकेस बसवली होती. कमानी नुसत्या भिंतीवर चिकटवलेल्या, कपाळावर चिकटवलेल्या टिकलीसारख्या. पण नियमात जे जे लिहिले होते, ते सगळे त्यात होते. त्या दिवशी खाली बसून बघा, असे कुणी म्हटले नाही. टाळ्या पडल्या. बाईंनी सही केली. पुढे मंजूर झालेला तो नमुना कायमचा डिंकाने माझ्या कोपऱ्यावर चिकटवला गेला.

इमारत उभी राहिली. लोक तिच्यापुढे फोटो काढत. पण खिडकीतून मला दुसरेही दिसे. कमानींखालून गप्पा मारत येणारी माणसे त्या कोपऱ्याशी येऊन थबकत. पुढे काच. मग ती पायरी उतरून गाड्यांच्या गर्दीत शिरत आणि इमारत संपली की पुन्हा वर चढत. पोटाशी लेकरू धरलेल्या बाया उतरत, काठीवाले म्हातारे उतरत. आणि एका सकाळी इतिहासाचे सर उतरले. भाजीची पिशवी हातात होती. वळणावरून एक मोटारसायकल आली. मला फक्त ब्रेकचा आवाज ऐकू आला आणि रस्त्यावर गडगडत गेलेले बटाटे दिसले.

सरांचे मांडीचे हाड मोडले. त्यांची खुर्ची बरेच महिने रिकामी राहिली.

बाईंचे येणे चालूच होते. पण ब्रश त्या कोपऱ्याशी आला की वळसा घालून जाई. मुलाने घर सोडले होते. परगावी कुणाकडे तरी लोकांची स्वयंपाकघरे आखून देत होता. बाई कधी सभागृहातूनच त्याला फोन करत. "जेवलास का?" "हो." "बरा आहेस ना?" "हो." मग फोन कानाला तसाच धरून त्या उभ्या राहत. पलीकडून तो केव्हाच बंद झालेला असे.

एका दुपारी सभागृहात कुणी नव्हते. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, साडी सावरली आणि त्या माझ्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या. माझ्या रस्त्याच्या उंचीला डोळे आणून त्यांनी वाटेतून पाहिले. दुकान, दुकान, दुकान आणि मग आडवी भिंत. त्या तशाच बसून राहिल्या. तेवढ्यात दारात काठी वाजली. सर होते, बऱ्याच दिवसांनी आलेले.

"काय बाई, आता दिसलं का?" सर म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. "तेव्हाही दिसलं होतं, सर."

"म्हणजे?"

"बोट घातलं होतं मी त्या वाटेत. कळलं होतं मला. इतकं चांगलं काम या टेबलावर कधी आलं नव्हतं. आणि ते माझ्या मुलाचं होतं, म्हणून..." त्यांनी नजर त्या कोपऱ्याकडे वळवली. "लोक काय म्हणतील, सर."

सरांनी खुर्ची ओढली आणि बेताबेताने बसले. "लोक आता रस्त्यावर उतरून चालतात, बाई. ते काहीच म्हणत नाहीत." थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझ्या पायाचं सोडा. हाड जुळलं. पण पोराला सगळ्यांसमोर जे बोललात, ते कुठल्या डॉक्टरकडे नेणार?"

मित्रांनो, मी लाकडाचा. मला रडता येत नाही. पण एवढ्या मोठ्या बाई पदराने तोंड झाकून बसलेल्या पाहून माझी मला लाज वाटली. त्या नटव्या इमारतीने मीही हुरळलो होतो. आपल्याला चारचौघांत शोभा आली, असे मला वाटले होते.

पुढच्या बैठकीला बाईंनी कापडवाल्याला बोलावले आणि मुलालाही. तो आला, पण दाराजवळच उभा राहिला. बाईंनी बसून बोलणे टाळले. उभ्या राहून, सगळ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "या कोपऱ्याचा पहिला आराखडा उत्तम होता. मला तो कळला होता आणि मी तो मुद्दाम हाणून पाडला. मी जे बोलले ते खोटं होतं. आजपासून मी अध्यक्ष नाही." मग त्या कापडवाल्याकडे वळल्या. "तुम्हाला विनंती आहे, खालची वाट मोकळी करा."

कापडवाला तडकला. "वा! मंजुरी तुमची, सही तुमची, आणि भिंत आता मी फोडायची?" त्याचे काही चुकले नव्हते. बाईंनी मान खाली घातली. मग कापडवालाच कुरकुरत म्हणाला, "तसं गिऱ्हाईकही रस्त्यातूनच निघून जातं म्हणा. आणि सर पडले त्या दिवसापासून मला त्या काचेकडे बघवत नाही. पण फोडायची तर नकाशा हा पोरगा काढेल. माझी पहिली पसंती तोच होता."

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "काढतो. पण तो बघायला आई आत नको."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे."

मुलाचा आराखडा समितीपुढे आला, त्या दिवशी बाई बाहेर जिन्यातल्या बाकावर बसल्या. ज्या जिन्यात लोक बोलले होते, तिथेच. येणारेजाणारे बघत होते आणि त्या बघू देत होत्या. आत सरांनी आराखड्यात एकच दुरुस्ती सांगितली आणि तो मंजूर झाला. दार उघडे होते, म्हणून मला पुढचे ऐकू आले.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"बाक थोडं उंच करा म्हणाले सर. उठताना गुडघ्यांना सोसत नाही."

"बरोबर सांगितलं त्यांनी." मग अडखळत, "घरी येतोस? जेवून जा."

"आज नको, आई," मुलगा म्हणाला. पण त्या 'आई'नंतर लगेच पावले वाजली नाहीत. तो थोडा वेळ तिथेच, त्यांच्याजवळ थांबला असावा.

आता बाजारातली वाट मोकळी आहे. वरची नक्षी तशीच आहे, ती काही जात नाही. मुलगा कधीमधी घरी येतो, असे सर सांगतात. बाई मात्र सभागृहात पुन्हा आल्या नाहीत. समिती आता पडद्यावर चित्रे बघते आणि मी व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी पडून आहे. कुणी माझ्या नदीवर डबा ठेवतो, कुणी चौकात ओली छत्री. कोपऱ्यावरचा तो नटवा नमुना डिंकाने इतका घट्ट बसला आहे की कुणी काढलाच नाही. शाळेची मुले येतात, बाजारातले सगळ्यात सुंदर घर कोणते म्हणून विचारले, की नेमके त्याच्यावरच बोट ठेवतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. जुन्या दगडांना जपा, त्यांच्या सावलीतल्या वाटांना जपा. पण त्याहून जास्त आपल्या माणसांना जपा. परक्याने चांगले काम केले की आपण टाळ्या वाजवतो. घरातल्याने केले, तर लोकांच्या भीतीने गप्प बसू नका. बरोबर असेल ते त्याच वेळी, त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर बरोबर म्हणा. भिंत फोडून वाट पुन्हा मोकळी करता येते. पण दार हळू ओढून घेऊन गेलेल्या माणसाला परत यायला फार वेळ लागतो.