मधल्या खोलीतले निरोप

ताईने एंटरची कळ इतक्या जोरात दाबली की टेबलावरचा कप हलला. स्क्रीनवर सर्व्हर सुरू झाल्याच्या ओळी उमटल्या, ती खुर्चीत मागे रेलली, आणि पाठ टेकते न टेकते तोच सर्व्हर पुन्हा बंद पडला. सकाळपासून हाच तमाशा चालला होता. सुरू करायला जावं तर म्हणे जागा अडलेली आहे, तिथे आधीच कोणीतरी बसलंय. त्या बसलेल्याला हुसकावून आपला सर्व्हर उभा करावा, तर जरा वेळाने तोच आडवा.

"मेल्याला झालंय तरी काय," ती पुटपुटली.

त्या सर्व्हरवर एका मोठ्या रुग्णालयाची वेबसाइट चालायची. रोग्यांच्या तपासण्यांचे अहवाल डॉक्टर त्याच साइटवर बघत. ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून ती सांभाळत, आणि खरं सांगायचं तर बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून पांगल्यावर हे रुग्णालयच काय ते उरलं होतं. तिथल्या साहेबाचा फोन येऊन गेला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साइट दिसली नाही तर दुसरी कंपनी बघतो, असं त्याने थंड आवाजात सांगितलं होतं. तो पोकळ धमक्या देणाऱ्यातला नव्हता. हे काम गेलं की दोघांच्या धंद्याला कुलूपच लागणार होतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पलीकडच्या खोलीत जाऊन भावाशी चार शब्द बोलावेत. पण दोघांत अबोला होता. आई गेली त्याच आठवड्यात, तिच्या आजारपणात कोणी जास्त खस्ता खाल्ल्या यावरून दोघांची जुंपली, आणि धाकटा म्हणाला, "तू तर पाहुणीसारखी यायचीस." ते वाक्य ताईच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. तिनेही उलट काही कमी सुनावलं नव्हतं, पण ते तिला तितकंसं आठवत नसे.

धंदा मात्र मोडता येईना. मग वडिलांच्या घरात दोन टोकांच्या दोन खोल्यांत दोघं बसू लागली आणि मधल्या खोलीत वडील. सगळे निरोप त्यांच्यामार्फत. वडिलांची सगळी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर गेलेली, त्यामुळे चिडलेली माणसं त्यांना नवीन नव्हती. सपाता घासत ते या खोलीतून त्या खोलीत जात आणि उत्तर घेऊन परत येत.

आजही सर्व्हर पडल्या पडल्या ताईने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, त्याला सांगा, मी बघतेय. मध्ये लुडबुड करायची नाही. गेल्या वेळी घोळ कोणी घातला ते मला माहितेय म्हणावं."

वडील जाऊन आले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताईलाच बघू दे. तिच्याइतकं आपल्याला कुठे कळतं."

ताईने नाक मुरडलं होतं. पण खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं होतं.

आता ती सर्व्हरच्या नोंदी वाचायला बसली. दर वेळी सर्व्हर आपणहून पडत नव्हता, कोणीतरी तो थांबवत होतं. हुकूम देणाऱ्याचं नाव होतं 'ऑफिस'. ते तर तिचंच. अगदी सुरुवातीपासून दोघं त्या एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत शिरत. उगाच दोन कशाला, असं तेव्हा वाटलं होतं, आणि आता बदलायचं तर बोलावं लागलं असतं. या क्षणी आत कोण कोण आहे, असं तिने मशीनला विचारलं. 'ऑफिस' दोनदा बसलं होतं, आणि दोन्ही याच घरातून.

तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि उठून खोलीच्या दारात कान देऊन उभी राहिली. पलीकडच्या खोलीतून एक सणसणीत शिवी ऐकू आली. मग कळा बडवल्याचा आवाज. तिने मागे वळून पाहिलं तर सर्व्हर गारद.

ती तरातरा निघाली. मधल्या खोलीत वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय सांगायचंय? मी जातो ना."

"बसा तुम्ही."

"अगं, ऐक तरी..."

ती पुढे गेली होती. धाकट्याच्या खोलीचं दार तिने ढकललंच.

"हात काढ," ती म्हणाली.

धाकट्याने खुर्ची वळवली. ती समोर दिसल्याचं नवल त्याने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"तू काढ. सकाळपासून माझा सर्व्हर मारतेयस."

"तुझा? मी बजावून पाठवलं होतं, मी बघतेय, लुडबुड नको म्हणून."

"मला कोणी बजावलं नाही. मला निरोप आला, ताई म्हणतेय तूच बघ, तुझा हात लागला की होतं. वर मीच सांगून पाठवलं होतं, तिला म्हणावं गप्प बस, आहे तेवढं बिघडवू नकोस."

"हे मला आलं नाही."

"मग काय आलं?"

ताईने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. धाकटा हसला. ते हसणं बरं नव्हतं.

"असं मी म्हणेन? जीभ झडेल माझी."

"आणि रोज सकाळी माझ्या पाठीची चौकशी करतोस ती?"

"तुझ्या पाठीला काय झालंय?"

धाकट्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी बारीक झालोय, जेवत जा नीट, असं तू म्हणायचीस..."

"कधीच नाही."

"मी कधीचाच सोडून जाणार होतो इथून," तो म्हणाला. "म्हटलं, तोंडाने फटकळ आहे, पण..." पुढचं त्याने गिळलं.

ताईनेही याच भरवशावर इतके दिवस काढले होते. ते तिने सांगितलं नाही. तिला नुसती लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

"तुझाच ठेव सुरू," ती म्हणाली. "पुन्हा पडला तर साहेबाला तुझं नाव सांगेन."

"सांग."

त्याने सर्व्हर उभा केला. दोघं बघत राहिली. या वेळी तो पडला नाही. ताईने तिथूनच साहेबाला फोन लावला. "दिसतंय," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. काम हातचं गेलं नव्हतं.

तिने मान वळवली तर दारात वडील. चौकटीला हात धरून ते एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण चेहरा अपराध्याचा होता.

"भांडलात का रे?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस आम्हाला बनवत होतात, हे ताईच्या जिभेवर आलं होतं. त्याआधीच धाकटा बोलला, स्क्रीनवरून नजर न काढता.

"नाही. ताई म्हणत होती, बाबांना जेवायला उशीर झाला. आधी त्यांना वाढूया."

असं काही ती म्हणाली नव्हती. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो कळा बडवत राहिला.

"असं म्हणालीस?" वडिलांनी तिला विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "म्हणाले."