जिन्यावरून उतरणारी बाई

मित्रांनो, 'पडद्यावर बघितलं' असं तुम्ही सहज म्हणता, पण पडद्याकडे आजवर कुणी बघितलंय? तुम्ही बघता हिरॉइनीला. मी मात्र आयुष्यभर तुम्हालाच बघत आलो. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेली टॉकीज आहे, तिथला मी जुना पडदा. येत्या गुरुवारी मला उतरवणार आहेत. बार्शीच्या एका अडत्याने धान्यावर झाकायला मला मागून घेतलंय. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, पोटात ठेवून जाववत नाही.

माझं कापड इथलंच, जाड सुती, तीन पट्टे शिवून जोडलेलं. मागून आवाज यावा म्हणून अंगभर बारीक भोकं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली की रंगारी शिडी लावून मला पांढरा हात मारायचा. दरवर्षी मालकाला सांगायचा, "हितं ओल आलीया. माणसाच्या तोंडावानी डाग पडतोय." मग जास्तीचे दोन हात द्यायचा. सहा महिन्यांत डाग पुन्हा वर यायचा. मित्रांनो, ती ओल नव्हती. अंधारात शेकडो माणसं माझ्याकडे तोंड करून हसत, रडत. त्यांतले काही चेहरे माझ्यात मुरले. मी तरी काय करणार?

साठ-बासष्ट वर्षांपूर्वी रविवारी सकाळी आमच्याकडे इंग्रजी सिनेमे लागत. त्यात एकदा एक रंगीत, गाण्यांचा सिनेमा आला. लोकांचे कपडे धुणारी एक मुलगी, गाता गाता मोठी गायिका होते. तिचा पियानोवाला लढाईवर जातो आणि एक हात गमावून परत येतो. मग उजव्या हाताचं तो वाजवतो, डाव्या हाताचं ती. हातमागावर राबणाऱ्या आमच्या लोकांना त्यातलं इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं, पण जोडीने काम करणं म्हणजे काय ते त्यांना शिकवायला नको होतं.

त्या नटीला मी सरळ कधीच बघितलं नाही. लोकांच्या डोळ्यांत बघितलं, एवढीएवढीशी, प्रत्येकाच्या डोळ्यांत दोन-दोन. पण तिचा उजेड माझ्या अंगावर यायचा ना, त्यावरून माणूस कळतं. बाकीचे नट नुसते हातवारे करत. ती रडायच्या आधी जरा हसायची, आणि तेवढ्यात अख्खी टॉकीज गप्प व्हायची. त्या एकहाती नटाचीही कमाल. ती गात असताना तो तिच्याकडे नाही, आपल्या रिकाम्या बाहीकडे बघायचा. असे नट आता होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. आता मला माहीतच नाही.

खरा सिनेमा असा होता. रिळांच्या दहा डब्यांपैकी नवव्यात ती पांढरा झगा घालून लांबलचक जिन्यावरून गात उतरते. दहाव्यात रेल्वे स्टेशनच्या खोलीत त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मरते. आमचा मशीनवाला महिपती तेव्हा पंचविशीचा. पहिल्याच रविवारी त्याने नवव्याऐवजी दहावा डबा चढवला. बाई मेली, शेवटाची इंग्रजी अक्षरं आली आणि याच्या लक्षात आलं की एक डबा उरलाय. घाबरून त्याने तो लावून टाकला.

मेलेली बाई पांढऱ्या झग्यात जिन्यावरून गात खाली आली.

लोकांना वाटलं, सिनेमा असाच आहे. पुढच्या रविवारी बायका हळदकुंकू घेऊन आल्या आणि माझ्या पायथ्याशी ठेवून गेल्या. मग महिपतीचीही सरळ करायची छाती झाली नाही. सिनेमा चार रविवार चालला, तसाच उलटा.

पहिल्या रविवारी तिसऱ्या रांगेत एक बाई बसली होती. हातमागासाठी कांड्या भरणारी, केसांत सुताची पिंजी, हसू आलं की पदराचं टोक दातांत धरायची. पुढच्या पंधरवड्यात ती तापाने गेली. चौथ्या रविवारी तिचा नवरा दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आला. जिना आला तशी पोरगी खुर्चीवर उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मापण येईल की मग." बाप म्हणाला, "येईल." दुसरं काय म्हणणार तो?

ती पोरगी म्हणजे सावित्रम्मा. परवा दुपारी ती आली, काठी टेकत, नात शिवानीचा हात धरून. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत दिवसाही काळोख. शिवानी पुण्याला सिनेमाचं शिकते. तो सिनेमा तिने कुठूनसा मिळवला होता. शेजारच्या दुकानातून वायर ओढून तिने एक लहानसं मशीन खुर्चीवर मांडलं. महिपतीही आला होता, शहाऐंशीचा झालाय.

"अव्वा, घरी मोठा टीव्ही आहे. इथंच कशाला हवं होतं?" शिवानीने विचारलं.

"अम्माचा एक फोटो नाही आपल्याकडं," सावित्रम्मा म्हणाली. "डोळे मिटले की ती जिन्यावरची गोरी बाईच दिसती. अम्माचं तोंडच पुसून गेलं बघ. आता तर बाकीचंबी इसरायला लागले. हितं ती बाई मरून परत आली ना, तेव्हा मला अम्माचं तोंड लख्ख आठवत हुतं. तेवढंच एकदा आठवू दे."

महिपती चुळबुळला. "सावित्रम्मा, ह्या सिनेमाचं आसं हाय..." एवढंच म्हणाला आणि मशीनकडे बघू लागला. सिनेमा सुरू झाला.

वीस वर्षांनी अंगावर उजेड आला, मित्रांनो. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण सिनेमा सरळ होता. जिना आधी आला. सावित्रम्मा पुटपुटली, "आत्ताच कशी?" मग रेल्वेची खोली आली, बाई मेली, शेवटाची अक्षरं आली. शिवानीने मशीन बंद केलं आणि वायर काढून हातात गुंडाळली.

"थांब गं. आता येईल ती," सावित्रम्मा म्हणाली.

महिपती खाली मान घालून म्हणाला, "न्हाय यायची, बाई. डबा उलटा लागला हुता. माजी चूक. परत कवाच कोण आलं नव्हतं."

सावित्रम्मा आईच्याच तिसऱ्या रांगेत होती. पदर डोळ्यांना लावून बसून राहिली. इतक्या वर्षांत तिसरी रांग मी इतकी एकटी पाहिली नव्हती. आणि मग, मित्रांनो, मी जे केलं ते करायची पडद्याला परवानगी असते की नाही, मला ठाऊक नाही.

मी जिना लावला.

मशीन बंद होतं. गाणंही नव्हतं. नुसत्या पायऱ्या, ओल उमटावी तशा हळूहळू वर आलेल्या. वरून एक बाई उतरत होती. पांढरा झगा नव्हता. नऊवारी होती, केसांत सुताची पिंजी होती. खालच्या पायरीवर येऊन ती थांबली, समोर बघितलं आणि पदराचं टोक दातांत धरलं.

"अम्मा," सावित्रम्मा म्हणाली. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.

शिवानी एकदा मशीनकडे बघत होती, एकदा हातातल्या वायरीकडे. महिपतीने हात जोडले. मला तिथेच थांबायचं होतं, पण एकदा पायऱ्या लावल्यावर कुणाला अडवता येतं का? तिच्यामागून आणखी माणसं उतरू लागली. चौथ्या रांगेतली, बाल्कनीतली, गिरणीची पाळी संपवून आलेली. सगळी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होती, जशी मी इतकी वर्षं बघत आलो. शिवानीने आजीला उठवलं आणि तिघं बाहेर उन्हात गेली. दारातून सावित्रम्माचा आवाज आला, "नाक माझ्यासारखंच हाय की गं तिचं."

मित्रांनो, नटनट्यांवर जीव लावा, जरूर लावा. त्या बाईसारखं गाणारी मलाही दुसरी भेटली नाही. तिचा चेहरा जगभर जपून ठेवलेला आहे, शिवानीला तो पुण्यात बसून मिळाला. पण तुमच्या शेजारी अंधारात बसून पदर दातांत धरणारी जी असते, तिच्याकडे सिनेमा चालू असताना एकदा तरी वळून बघा. तुम्ही बघितलं नाही, तर तिचा चेहरा माझ्यासारख्याकडे राहतो, आणि मी तर गुरुवारी चाललो.

बार्शीच्या हमालांनो, तुम्हालाही एक विनंती. ज्वारीवरच्या कापडाला ओल आलीय असं वाटलं, तर लगेच उन्हात टाकू नका. आधी कोण आहे ते नीट बघा.