पीळ जास्त झालेला पंखा

मित्रांनो, मला हात लावायला हरकत नाही, फक्त उभं करू नका. मी एक जुना लाकडी प्रोपेलर आहे. विमानाच्या नाकावर गरगरणारा पंखा. जुना झालो, पण अजून एकदाही उडालो नाही. म्हणून तर मला एका जागी चैन पडत नाही.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकनं गॅरेजमागच्या शेडमध्ये स्वतःच विमान बांधायला घेतलं होतं. इंजिन मोडीत निघालेल्या एका गाडीचं, रोटरी जातीचं. साध्या इंजिनात दट्टे पुढेमागे धावतात. याच्या पोटात तिकोनी रोटर गोल फिरतो. ते भरधाव पळालं तरच ताकद देतं. तेवढ्या वेगानं मी फिरलो तर नुसता किंचाळेन, विमान काही ओढणार नाही. म्हणून आम्हा दोघांच्या मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स होता.

विमान उडवणार होती मेकॅनिकची बायको. ती शेतांवर औषध फवारणारं विमान चालवायची. तिनं आधीच सांगितलं होतं, "अहो, आपली धावपट्टी आखूड आहे आणि पुढं झाडं आहेत. मला चटकन चढवणारा पंखा हवा. पीळ कमी ठेवा."

पीळ म्हणजे पात्यांचा तिरकेपणा. तो कमी असला की इंजिन मोकळं पळतं आणि विमान लवकर वर जातं. जास्त असला की वर गेल्यावर वेग छान मिळतो, पण जमिनीवर इंजिनाला धाप लागते.

मेकॅनिकला वेगाचं वेड. त्यानं धाकट्या भावाला गुपचूप जास्त पिळाचं माप दिलं. हा भाऊ फर्निचर करायचा. लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, तासून, घासून त्यानं मला घडवलं. मला पाहायला शेजारपाजारचे लोक आले. माझ्या अंगात मात्र तेव्हापासूनच फिरायची खुमखुमी होती.

वहिनीनं माझ्या पात्यावरून तळहात फिरवला. "देखणा झालाय, भावजी. पण पीळ जास्त वाटतोय."

"दादानं सांगितला तेवढाच ठेवलाय, वहिनी."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बोल्ट आवळत होता. "एकदा चालवून तर बघ," तो मान वर न करता म्हणाला.

"बघते. पण धावपट्टीवरच्या त्या लाल निशाणापर्यंत चाकं उचलली नाहीत, तर मी थांबवणार."

इंजिन सुरू झालं. मी जीव तोडून हवा कापत होतो, पण इंजिन माझ्या ओझ्याखाली कण्हत होतं. त्याला पळताच येईना. निशाण जवळ आलं, चाकं जमिनीलाच चिकटलेली. तिनं लगेच इंजिनाचा जोर काढून घेतला आणि ब्रेक लावले. विमान घसरत गेलं आणि एक चाक चरात रुतून थांबलं. झाडं समोरच होती.

दोघे भाऊ धावत आले. मेकॅनिकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, माझं काही चुकलं का रे?" धाकट्यानं विचारलं.

"नाही. मी हिचं ऐकलं नाही." तो बायकोकडं वळला. "तुला काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना? आता कमी पिळाचा पंखा करा," ती खाली उतरत म्हणाली.

दुसरा पंखा आला. दिसायला साधाच. त्यानं तिला झाडांवरून सहज पलीकडं नेलं. मी तेव्हा शेडच्या कोपऱ्यात, हात धुवायच्या नळाजवळ, भिंतीला टेकून उभा होतो. आवाज ऐकत होतो आणि जळत होतो. पुढं माझ्या पात्यावर ओली फडकी वाळत पडू लागली.

काही वर्षांनी मेकॅनिकनं नवा गिअरबॉक्स आणला. पंख्याला आणखी हळू फिरवणारा. आता इंजिन मोकळं पळेल आणि मीही चालेन, असं ठरलं. मी हरखलो. पण धाकट्यानं मला तोलायच्या दांड्यावर चढवलं आणि माझं एक पातं आपोआप खाली गेलं.

"उभा ठेवला होता ना, दादा? सगळी ओल खालच्या पात्यात शिरली. असा बसवला तर थरथरून सगळं खिळखिळं करेल."

"वाळेल ना?"

"वाळेल. पण तोल परत येईल की नाही, ते आता सांगता येत नाही."

त्या दिवसापासून मी या फळीवर आडवा पडलोय. मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या कामी आली नाही, तर तिला दोष देण्याआधी ती कुठल्या कामाची आहे ते बघा. आणि बाजूला ठेवलीत तरी जपून ठेवा. परवा वहिनी आली, माझ्या दोन्ही पात्यांवर कोरडं फडकं फिरवून गेली. जाताना तिनं शेडचं दार उघडंच ठेवलं. वारा आत येतोय आणि मला पडून राहवत नाही.