उभ्या पिकाची जप्ती

वायली क्रम्प्टननं फाटकाच्या खांबावर जप्तीचा कागद ठोकला, तेव्हा लव्हिनाकाकी ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. कागद वाकडा लागलाय, एवढंच म्हणाली. आता हिवाळा कशावर काढायचा, ते काही बोलली नाही.

पेरणीला उधार घेताना काकीनं येणारं पीक पर्व्हिस दुकानदाराकडे गहाण टाकलं होतं. तो गेला कोर्टात, आणि कापूस शेतात उभाच जप्त झाला. वायली कोर्टाचा बेलीफ. कागद ठोकला की बोंड न बोंड त्याच्या ताब्यात. नासलं तर भरपाई त्यानं करायची. या नोकरीपायी त्यानं राहतं घर तारण ठेवलेलं.

आणि समुद्राकडनं, मोबिल बंदराच्या बाजूनं, आभाळ भरून येत होतं.

वेचायला माणसं बघत तो अलाबामातलं ते अख्खं खोरं फिरला. बत्तीस घरांत बत्तीस पाठी एकाच सकाळी धरलेल्या. एकाची तर मावशी शेवटच्या घटका मोजत होती, जिला वायलीनंच तीन वर्षांमागं खांदा दिला होता. पर्व्हिसकडे गेला, तर तो म्हणाला, मला कापूस हवाय, तुझं रडगाणं नको.

मग वायली स्वतःच शेतात उतरला. दुपारपर्यंत बोटं सोलवटली, आणि झोळीत मांजर निजेल एवढासुद्धा कापूस नाही. शेवटी टोपी काढून पायरीशी उभा राहिला.

"काकी, तू सांगितलंस तर येतील लोक."

"सांगीन की. मजुरी कुणाच्या पैशातनं रे?"

"विक्रीच्या. आधी मजुरी, मग पर्व्हिस. कायदाच आहे तसा."

"जज्जसाहेबांनी वाचला तेव्हा ऐकला मी. दर तिप्पट लाव."

"पर्व्हिस फाडून खाईल मला."

काकीनं आभाळाकडे बघितलं आणि पुढची शेंग उचलली.

"लावतो," वायली म्हणाला.

तासाभरात सगळ्या पाठी बऱ्या. पोरंसोरं आली, म्हातारेकोतारे आले. ती मावशी तेवढी आली नाही. दिवस मावळायच्या आत शेत असं बोडकं केलं, की कावळे वाट चुकले. पहिला थेंब पडला, तेव्हा शेवटची गाडी छपराखाली गेली होती.

शनिवारी कापूस विकला. वायलीनं मजुरी वाटली. पर्व्हिसनं उरलेली चिल्लर दोनदा मोजली आणि निघून गेला. लोक घरी परतले, पण सगळे काकीच्या ओसरीवरनं, आणि तिथनं निघताना ज्याचा त्याचा खिसा रिकामा.

यादीत शेवटचं नाव वायलीचं होतं, अर्ध्या दिवसाच्या मजुरीचं. त्याचं घर पार उलट्या दिशेला. त्यानं खेचर काकीच्या रस्त्याला वळवलं.