चाळीस अंशांचा फरक

मनीषाचे आकडे पुन्हा जुळले नाहीत, तेव्हा तिचे मार्गदर्शक सर तिला सगळ्यांदेखत म्हणाले की हात स्वच्छ नसले की आकडेही स्वच्छ येत नाहीत. काशिनाथ दाराशी उभा राहून ऐकत होता.

सुरतेच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली भट्टी त्याच्या ताब्यात होती. त्याआधी शहरातल्याच पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये त्यानं बारा वर्षं बॉयलर सांभाळला होता. मनीषानं तिचं काम त्याला एकदा समजावलं होतं. काचेवर चांदीचा पातळ थर, त्यात कोबाल्टचे बारीक कण. भट्टीत तापवले की कण एकमेकांना मिळून मोठे होतात. मग ती काच चुंबकात ठेवून प्रकाश टाकला, की परतणाऱ्या किरणाच्या कंपनाची दिशा केसभर वळते. किती तापवल्यावर किती वळते, यावर तिची पीएचडी उभी होती.

त्या दुपारी काशिनाथनं भट्टीच्या मधोमध दुसरा तापमापक सरकवला. बाहेरचा आकडा तीनशे, आत तीनशे चाळीस. दिवाळीनंतर भट्टीच्या मूळ तापमापकाची तार तुटली होती. नवी यायला महिना गेला असता आणि पोरीचं काम अडलं असतं, म्हणून त्यानं तीच जोडली होती. आखूड झालेली तार भट्टीच्या तोंडाशीच राहिली, जिथं आच कमी. हे तो कुणाला बोलला नव्हता.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. पण सिंकपाशी मनीषा पुन्हा साबण लावून हात धूत होती.

“ताई, चूक मनी शे,” तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मनीषा वऱ्हाडची, तरी ती अहिराणी तिला कळली: चूक माझी आहे. तिनं नळ बंद केला. मग तिनं वही उघडली.

“कोणत्या तारखेपासून, काका?”

तारीख त्याला पाठ होती.

सरांकडेही तो स्वतःच गेला. त्यांनी लेखी समज दिली, भट्टीची किल्ली काढून घेतली. उरलेले दिवस त्यानं काचा धुतल्या. मनीषानं प्रत्येक तापमानाचा फरक नव्यानं मोजून नोंदी दुरुस्त केल्या, आणि आलेखावरचे विस्कटलेले ठिपके एका रेषेत आले.

शेवटची काच मोजायच्या दिवशी तिनं त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. कॉलेजातल्या नऊ वर्षांत तो त्या दाराआड गेला नव्हता. तिनं चुंबक सुरू केला. लाल किरण काचेवरून परतला, मीटरचा काटा जेमतेम हलला.

“एवढंच?” त्यानं विचारलं.

“एवढंच, काका.”

काशिनाथनं चष्मा पुसला आणि काटा स्थिर होईपर्यंत तो मीटरवर वाकून उभा राहिला.