वाणाची डबी

छत्तीसगढचं नवं राज्य झालं आणि रायपुरात छत्तीसगढी सिनेमांचं पेवच फुटलं. चौबे कॉलोनीतली अनुश्री त्यातल्या एकाची हिरॉईन झाली. चेहरा भरलेला दिसतो म्हणून सेटवर कुणीतरी भूक मारायच्या गोळ्या दिल्या. भूक मेली, झोपही मेली. पुढं सिनेमा अर्ध्यात बंद पडला, पण गोळ्या काही सुटेनात. शेवटी शहराबाहेर, सिलतऱ्याच्या पुढच्या नशामुक्ती केंद्रात तीन महिने काढून ती परवाच घरी आली होती. तिच्या आईनं, विजयाबाईंनी, कॉलोनीत सांगून ठेवलं होतं की पोरगी नागपूरला मावशीकडं कोर्स करते आहे. नागपूरच्या मावशा अशा वेळी फार कामी येतात.

आज घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलोनीतल्या विनोदिनीकाकूही येणार होत्या, आणि त्यांचा पुतण्या अनुश्रीसाठी विजयाबाईंच्या मनात भरला होता.

अनुश्री मात्र सकाळपासून कपाट उपसत होती. गेल्या वर्षीच्या वाणातली एक स्टीलची डबी तिनं साड्यांखाली लपवली होती, गोळ्यांसकट. फेकायलाच शोधते आहे, असं ती स्वतःला बजावत होती. धादांत खोटं! तिला एक गोळी हवी होती, एकच, आणि ती हवीशी वाटते याची तिला भयंकर चीड येत होती. डबी काही सापडली नाही.

सापडली ती संध्याकाळी, विनोदिनीकाकूंच्या हातात. बायका जास्त आल्या, वाण एक कमी पडलं, तेव्हा विजयाबाईंनी, पोरगी केंद्रात असताना कपाट आवरून स्वयंपाकघरात ठेवलेलं गेल्या वर्षीचं उरलेलं वाण घाईघाईत खपवून टाकलं होतं.

"वो विजयाताई, आत काय वाजून राहिलं हे?" काकूंनी झाकण उघडलं. आत पांढऱ्या गोळ्या.

विजयाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "होमिओपॅथीच्या आहेत, सर्दीच्या. द्या इकडे, राहून गेल्या."

"अवो, मग राहू द्या की! मले तीन दिवसांपासून सर्दी आहे." काकूंनी दोन गोळ्या तळहातावर घेतल्या.

आईनं अनुश्रीकडे पाहिलं. गप्प बस, असं ते डोळे अक्षरशः विनवत होते. अनुश्रीनं काकूंचा हात धरला.

"खाऊ नका, काकू. नशेच्या गोळ्या आहेत, माझ्या. मी नागपूरले नव्हती. नशामुक्ती केंद्रात होती."

"अनु, चूप!"

"काहून चूप? चोरी केली का मी?"

काकूंच्या हातातल्या गोळ्या आणि डबी घेऊन ती मोरीत गेली. दार उघडंच ठेवलं. गोळ्या ओतल्या, वरून बादलीभर पाणी. एक गोळी ओल्या तळहाताला चिकटून राहिली. तिच्याकडे अनुश्री जरा जास्तच वेळ पाहत राहिली, मग तिनं ती नखानं खरवडून काढली.

डबी घासून, पुसून, तिळगूळ भरून तिनं काकूंपुढे धरली.

"घ्या काकू, तिळगूळ. पण गोड बोलू नका. घरी जाऊन जे बोलणार आहात, ते इथंच बोला, माझ्यासमोर."

अनुश्री त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला घाई नव्हती.